पांढरा पाटा

बहात्तर साली आमचा पाटा फुटला. नगरला गोऱ्यांचं जुनं कबरस्तान हाय, तिथं गवताला गेल्ते. कडंच्या वढ्याच्या वगळीत एक पांढराशिप्पट दगड मातीत पडल्याला दिसला. आनला घरी. मीच आनला, खोटं कशाला बोलू?

माझी सून विजयमाला बाळंत झाली. पाचवीला त्याच पाट्यावर सटवाई पुजली. कोरा कागद ठिवला, पेन ठिवलं. रातच्याला येऊन ती लेकराचं नशीब लिवती ना. दुसऱ्या दिशी पाटा घासाया पालथा केला, तर खालची माती सुटून इंग्रजी अक्षरं निघाली. माझा लेक गोरक्ष अकरावी शिकल्याला. वाचता वाचता त्याचं तोंड उतरलं.

"आये, ही कबरंवरची पाटी हाय. मेरी नावाची पोर. चार दिसांची हुऊन गेली. शंभर वर्सं झाली."

झालं. विजयमालानं पोरीला पाजायचंच सोडलं.

"सटवाईनं दगडावरचंच लिवलं आसंल, आत्या. जी ऱ्हायची न्हाई तिला माया कशाला लावू?"

दिस मावळंपस्तोर पोर रडून रडून थकली. माझा जीव तुटत हुता. म्या चुंबळ डोक्यावर ठिवली. "गोरक्षा, उचल पाटा. आत्ताच्या आत्ता परत नेऊ."

"सकाळी जाऊ. वॉचमन चोर म्हनंल."

"म्हनू दे. चोरलाच हाय."

"मी बी येनार," विजयमाला म्हनली. बाळंतिनीनं उंबरा वलांडू न्हाई, पन तिनं उशाचा राखनीचा इळा कमरंला खोचला, पोर छातीशी बांधली आन् माझ्याआधी भाईर पडली.

कबरस्तानात मिट्ट काळोख. मला भ्याव वाटलं, लई वाटलं, पन पाय थांबू दिलं न्हाईत. गोरक्ष बॅटरी मारत एकेक कबर बघत हुता. कोपऱ्यात एक बारकी कबर, वर रिकामा खाचा. पाटा बरुबर बसला.

विजयमाला वाकली. पाट्याच्या कडंला पाचवीचं हळदी-कुंकू आजून चिकटल्यालं हुतं. तिनं त्यावरनं बोट फिरवलं.

"आत्या, हिला चारच दिस मिळालं. हिची पाचवी कुनी केलीच नसंल."

"न्हाई."

"मंग काल आपुन केली. चार दिस का हुईना, हिच्या आयनं हिला पाजलंच आसंल की."

ती तिथंच मेरीशेजारी खाली बसली आन् पोरीला पदराखाली घेतलं. गोरक्षानं पाठ फिरवून बॅटरी इझवली. मी बी चुंबळ खाली टाकून शेजारी बसले. अंधारात पोरीचे घुटके तेवढे ऐकू येत हुते.