ओकारीचा जाणकार

“अजून येऊ दे, मॅनेजर, लाजू नकोस,” म्हणत कंपाउंडरने स्टीलचा ट्रे कुत्र्याच्या तोंडाखाली सरकवला. उलटीच्या इंजेक्शनचा मान राखून मॅनेजर भडाभडा ओकला. बरंचसं ट्रेमध्ये, बाकीचं कंपाउंडरच्या बाहीत.

जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढली की माणूस ओकारीचा जाणकार होतो. घरीही ताटातलं पातळ काही तो आधी चमच्याने उकरून बघे. बायको त्याच्याकडे पाठ करून जेवायची.

मॅनेजरला सासऱ्यांसोबत घेऊन आलेली सून म्हणाली होती, बाबांना मधुमेह, त्यामुळे घरात गोड येतच नाही. कुणा पाहुण्याच्या पोराचा दुधाच्या चॉकलेटचा तुकडा पडला, तो मॅनेजरने गिळला, एवढंच. पण ट्रेमधलं काळंकुट्ट होतं आणि भरपूर होतं. कंपाउंडरने नाक जवळ नेलं. हुंगलं. कडू चॉकलेट. जितकं कडू, तितकं कुत्र्याला विष. त्याच्या अंगाला ते लवकर पचवून टाकता येत नाही. आधी काळीज सुसाट सुटतं, मग झटके येतात. मॅनेजरच्या छातीत आत्ताच शिलाई मशीन चालू होतं. नेमकं किती खाल्लं ते कळल्याशिवाय डॉक्टरांना पुढचं ठरवता येईना, आणि सुनेमागे उभे असलेले सासरे भिंतीवरचा जंतांचा तक्ता पाठ करत होते.

कंपाउंडरने ट्रे थेट सुनेच्या नाकाखाली धरला. “ताई, जरा नीट बघून सांगा, हेच का ते?”

ताई तोंड दाबून बाहेर पळाल्या.

“आता बोला, आजोबा.”

“दोन पाकिटं. अख्खी.” सासरे तक्त्याकडेच बघत होते. “एकट्याने खाववत नाही हो. तो समोर बसून बघतो.”

डॉक्टरांनी विष शोषून घेणारं कोळशाचं औषध पाजलं, सलाइन लावलं आणि संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही असं सांगितलं. सून परतली. एवढं आलं कुठून, असं तिने विचारल्यावर कंपाउंडरने बिनदिक्कत ठोकून दिलं की शेजाऱ्यांकडून चोरलं असणार, ही जातच हावरट.

“त्याला चोर म्हणू नका,” सासरे म्हणाले. “माझं होतं. मी दिलं.”

सुनेने हात पुढे केला. सासऱ्यांनी खिशातला उरलेला तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. घामाने लिबलिबीत झालेला, खिशातले धागे चिकटलेला. वास येताच मॅनेजरने सलाइनसकट मान उचलली आणि शेपूट हलवलं.

सुनेने मूठ मिटली. बोटांच्या फटींतून काळं ओघळत राहिलं.