एकशे त्रेचाळीसमधले तीन

मंगळवारी दुपारी युद्ध संपलं. हे वाक्य कोणी वाचलंच नाही असं समजून पुढे जाऊ. एका वर्तमानपत्राच्या संपादकांनीही संध्याकाळी तेच केलं.

त्या वर्तमानपत्रात एक युद्धविश्लेषक होता. घरी त्याला सेनापती म्हणत, कारण झुरळ दिसलं की तो खुर्चीवर चढून तिथून मोहीम चालवायचा. प्रत्यक्ष मारायचं काम ताईकडे असायचं. सीमेपलीकडच्या देशावर क्षेपणास्त्रं पडू लागली, तशी लग्न होऊन तिकडे गेलेली ही ताई एक बॅग घेऊन त्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. भाऊजी तिथेच राहिले. ते पाणीपुरवठ्यात अभियंता, आणि युद्ध चालू आहे म्हणून लोकांना तहान लागायची थांबत नाही.

"कधी संपेल रे?" ताई रोज विचारायची.

त्यासाठी हल्लेखोरांकडे किती क्षेपणास्त्रं उरलीत हे कळायला हवं होतं. हल्लेखोर म्हणत, आमचा साठा अमर्याद आहे. मार खाणारे म्हणत, त्यांच्याकडे काहीच उरलेलं नाही. याखेरीज सेनापतीकडे ढगांचा एक सुरेख उपग्रह-फोटो होता आणि लोकांनी गॅलरीतून थरथरत्या हातांनी काढलेले व्हिडिओ. त्याने अमर्याद आणि शून्य यांची सरासरी काढली. ती एकशे चाळीस आली. पण एकशे चाळीस म्हटलं की ठोकून दिल्यासारखं वाटतं, म्हणून त्याने वर तीन टाकले. एकशे त्रेचाळीस कसं, मोजल्यासारखं वाटतं.

मग पडतील तेवढी तो रोज वजा करू लागला. दरम्यान एका परदेशी वृत्तसंस्थेनेही एकशे त्रेचाळीसच सांगितले. मग मार खाणाऱ्यांच्या प्रवक्त्याने. मग टीव्हीवर एका निवृत्त अधिकाऱ्याने, टेबल आपटून.

"सगळीकडून दुजोरा येतोय," सेनापती ताईला म्हणाला. त्याला स्वतःबद्दल जरा आदरच वाटू लागला होता.

मंगळवारी वजाबाकी शून्यावर आली. 'क्षेपणास्त्रे संपली' असा मथळा लागला. ताईने दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसचं तिकीट काढलं आणि बॅग भरायला घेतली.

"नक्की ना रे? तुझ्या भरवशावर चाललेय मी."

"नक्की," म्हणेपर्यंत भाऊजींचा फोन आला.

"काय सेनापती, संपली म्हणे?"

"संपली, भाऊजी. तीन ठिकाणांहून खात्री केलीय."

"असं होय. मग आत्ता आमच्या टाकीवरून शून्यच गेलं म्हणायचं. पलीकडचं गोदाम बसलं. मी काचा झाडतोय, हिला सांगू नकोस."

सेनापतीने ती तीन ठिकाणं तपासली. अधिकाऱ्याने आकडा प्रवक्त्याकडून उचलला होता, प्रवक्त्याने वृत्तसंस्थेकडून, आणि वृत्तसंस्थेने 'एका जाणकार विश्लेषकाकडून'. जाणकार विश्लेषक या क्षणी झुरळाशिवायच खुर्चीवर चढावं का, या विचारात होता. शेवटचे ते तीन तर त्याने लगेच ओळखले. आपलं पोर गर्दीतही ओळखू येतं.

त्याने संपादकांना फोन लावला. "कुठला मथळा?" संपादक म्हणाले. "आपण असं काही छापलेलंच नाही."

मग तो ताईसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, तो आकडा माझाच होता. गावभर फिरून माझ्याकडेच परत आला. आणि भाऊजींच्या पलीकडचं गोदाम पडलंय. ते ठीक आहेत."

ताईने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "मग जाऊ की नको?"

"माहीत नाही."

"हे पहिल्याच दिवशी सांगता येत नव्हतं?"

"त्याचा मथळा होत नाही गं."

"तुझा मथळा घाल चुलीत. माझा नवरा तिथे एकटा आहे." तिने बॅगेची चेन ओढली, बॅग दाराशी ठेवली आणि तिच्यावर बसली. "तिकीट परत करणार नाही मी. सकाळपर्यंत खरा आकडा आण."

खरा आकडा एकाच ठिकाणी मिळण्यासारखा होता. सेनापतीने हल्लेखोरांच्या मुख्यालयाला लिहायला घेतलं:

'महोदय, आपल्याकडील शिल्लक क्षेपणास्त्रांची खरी संख्या उद्या सकाळची बस सुटण्यापूर्वी कळवावी, ही नम्र विनंती. गोपनीयतेमुळे ते शक्य नसल्यास, आमच्या हिशेबानुसार आपला साठा मंगळवारी दुपारीच संपलेला असल्याने, त्यानंतर सोडण्यात आलेली क्षेपणास्त्रे कृपया परत घेण्यात यावीत.'