सुई अडते तिथं

म्हैसूरच्या चामराजपुरममधली माणसं मी, शाळेचा हिशेबनीस, मनातल्या दोन खात्यांत मांडतो: स्वतःबद्दल कमी सांगणारी आणि जास्त सांगणारी. दत्तोजीरावांसाठी तिसरं खातं उघडावं लागलं. आजोबा महाराजांच्या घोडदळात होते, हे ते पहिल्या वाक्यात सांगत. आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचं मूल कधी नापास होत नाही, हे दुसऱ्या वाक्यात. पहिलं तरी खरं होतं.

इन्स्टिट्यूट होती एका भांडी घडवणाऱ्याच्या डोक्यावर. खाली घागरी ठोकल्या जात, वर मुलं कन्नड टायपिंग शिकत, आणि खालचा ठोका वरच्या कागदावर चूक होऊन उमटे. रावांनी भांडून पाहिलं, खिडक्या लावून पाहिल्या. शेवटी घरचा चावीचा ग्रामोफोन आणला आणि लष्करी बँडचं एक कूच, फौजेच्या चालीची धून, लावलं. मुलांची बोटं त्या तालावर पडू लागली आणि घागरी कुणाला ऐकू येईनाशा झाल्या. सगळ्या गल्लीत एकटा भांडीवालाच आता आवाजाची तक्रार करत होता.

रेकॉर्ड एकच, आणि तिच्यावर एक ओरखडा. तिथं सुई अडायची, तेच दोन सूर पुन्हा पुन्हा वाजायचे. मुलं बोटं वर उचलून थांबायची. राव सावकाश उठून पेटीला टिचकी मारायचे, सुई पुढं सरकायची, मुलंही.

"राव, नवी रेकॉर्ड घ्या की हो," मी एकदा म्हटलं.

"कशाला, वादिराजा? कूच करणाऱ्या फौजेला मुक्काम नको?"

चिक्कूपणाला शिस्तीचा गणवेश घालण्यात रावांचा हात धरणारा कुणी नव्हता.

आमच्या शेजारच्या अंबुबाईंची मुलगी तुंगा त्यांच्याकडे आली ती दुसरीकडं दोनदा नापास होऊन. रेशीम खात्यात हंगामी टायपिस्ट होती. टायपिंगची सीनियर परीक्षा पास झाली तर कायम होणार होती, आणि वयाच्या अटीमुळं ही शेवटची खेप. बोटं चांगली होती, पण लक्ष ठरत नव्हतं. कुणी खोकलं तरी तिची ओळ चुके. रावांकडं महिनाभरात ती सगळ्यांच्या पुढं गेली.

"कसं काय गं जमलं?" मी विचारलं.

"अय्यो मामा, मी कुठं टाईप करते? ते बँडवाले करतात. मी सुम्ने, उगीच आपली बसते."

परीक्षा आमच्याच शाळेत होती, हॉलवर देखरेखीला मी. मुलांनी आपापली मशिनं हातगाडीवरून आणून मांडली. पहिली तुकडी सगळी रावांचीच. परीक्षक पद्मनाभय्या बेंगळुरूहून आलेले, चेहऱ्यावर इस्त्री केलेला माणूस. राव ग्रामोफोन काखेत मारून त्यांच्यापुढं उभे राहिले.

"आवाज अगदी बारीक ठेवतो, सर."

"हौदा, असं का? मग कॉफी-तिंडीचा फराळपण मागवू या की सगळ्यांना!"

राव बाहेर गेले. मागच्या खिडकीजवळ पेटी मांडीवर घेऊन बसले, बंद. मुलांच्या पाठी त्यांच्याकडं होत्या. त्यांना ते दिसत नव्हते, फक्त मला दिसत होते.

घंटा झाली. सुरुवातीला नुसता खडखडाट, जो तो आपल्या घाईत. मग तो हळूहळू एका ठेक्यात आला. मला सुराचं काही कळत नाही. आरतीतही माझी टाळी चुकते. पण त्या हॉलमध्ये, जिथं एकही सूर वाजत नव्हता, मी ते कूच ऐकलं. नगारा ऐकला, कर्णा ऐकला.

आणि सगळी मशिनं थांबली.

एकदम. कुणी अर्ध्या शब्दावर, कुणी ओळीच्या टोकाला. सगळ्यांचे हात वर, बोटं वाकलेली. वरच्या पंख्याची कुरकुर तेवढी राहिली. पद्मनाभय्यांनी चष्मा काढला. वेळ चालला होता आणि एकही बोट खाली येत नव्हतं. खिडकीबाहेर दत्तोजीराव घामानं डबडबून हवेत टिचक्या मारत होते. मुलं त्या टिचकीसाठीच थांबली होती आणि ती त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.

तेव्हा तुंगानं एक हात खाली आणला आणि आपल्या मशीनच्या अंगावर नखानं टिचकी मारली. टक.

सगळी फौज चालू लागली.

पद्मनाभय्या ताडकन उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. कूच संपलं, पहिल्यापासून सुरू झालं असावं, कारण थोड्या वेळानं पुन्हा सगळे हात वर गेले. तुंगानं मान वळवून परीक्षकांकडं पाहिलं. काय होणार ते तिला स्वच्छ कळत होतं. तिनं पुन्हा टिचकी मारली.

वेळ संपल्यावर त्यांनी तिचा कागद वेगळा काढला. "खूण केली. पेपर रद्द."

तुंगाचा चेहरा उतरला. "सर, सुई अडली होती. सगळे अडकले असते."

"कुठली सुई?"

मी रेकॉर्डची सगळी हकीकत सांगितली. ते ऐकेनात. तेव्हा मी माझ्या हिशेबाच्या पद्धतीनं मांडलं. "सर, फसवणुकीत काहीतरी जमेला यायला हवं ना? इथं नुसता खर्च आहे. थांबून सगळ्यांनी आपलाच वेळ घालवला. कागद पाहा, कुणाचा कुणाशी जुळतो?"

त्यांनी गठ्ठा चाळला. प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या जागी पोचलेला.

"बस," ते तुंगाला म्हणाले. "कोरा कागद घाल. चालव."

"काय टाईप करू, सर?"

"काहीही."

रिकाम्या हॉलमध्ये एकटी तुंगा टाईप करू लागली. दारात मुलं दाटली होती, त्यांच्यामागं राव. पद्मनाभय्यांनी डोळे मिटले. कूच आलं, लांबून यावं तसं, मग अगदी जवळून. माझ्यासारख्या तालशून्याला ते आलं, तर त्यांना का येणार नाही? सुई अडली तिथं तिचे हात वर गेले. टिचकी कुणीच मारली नाही. आम्ही सगळे श्वास धरून त्या दोन सुरांत उभे होतो.

"पुरे," परीक्षक डोळे न उघडताच म्हणाले. "हे रिपोर्टात कसं लिहायचं मला येत नाही."

"मग नका लिहू, सर," मी म्हटलं.

त्यांनी तुंगाचा कागद गठ्ठ्यात सारला, दोरा बांधला आणि गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. तुंगा रडत होती. राव तिला रागावत होते, की टिचकी जरा उशिरा पडली.

लाख थंड झाली तरी टेबलाखाली पद्मनाभय्यांचा बूट फरशीवर त्याच कूचाच्या ठेक्यात चालतच होता.