पंपाचं तोंड

पिपरी मेघेच्या त्या गल्लीत बंडोपंतांना सगळे 'सर' म्हणत. किराणावाला म्हणे, दूधवाला म्हणे, ज्यांनी जन्मात कॉलेजची पायरी चढली नाही तेही म्हणत. चौतीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे आवडणारच. निवृत्तीला अकरा वर्षं झाली होती, तरी सर भाजीवालीशीसुद्धा फळ्यापुढे उभं राहिल्यासारखे बोलत.

शेजारी लीना राहायची. त्यांचीच विद्यार्थिनी, आता सेवाग्रामच्या रुग्णालयात प्रयोगशाळेत. तिच्या बैठकीत चार फुटी काचेची टाकी होती आणि टाकीत चक्क समुद्र होता. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ही बाई फिल्टरच्या पाण्यात मोजून मीठ कालवायची आणि पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावायची. आत मासे चारच. बाकी सगळी मऊ अंगाची प्रवाळं. येणारे-जाणारे 'झाडं छान आहेत हो' म्हणत. ती झाडं नसून प्राणी आहेत हे सांगायचा मान सरांचा, आणि तो मान ते दुसऱ्या कोणाला घेऊ देत नसत.

खरं म्हणजे जिवंत प्रवाळ सरांनी लीनाकडेच पहिल्यांदा पाहिलं. चौतीस वर्षं शिकवलं ते बाटलीतलं, औषधात बुडून पांढरंफटक पडलेलं. ही गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

मार्चमध्ये लीना आठ दिवसांसाठी मुलीकडे पुण्याला गेली. सरांकडे किल्ली दिली. माशांना चिमूटभर खाणं, आणि पाण्याची पातळी उतरेल तसं दोन मग साधं पाणी, एवढंच काम. "बाकी कशाला हात नको, सर. पंपाला तर नकोच," असं तिने दोनदा सांगितलं. झाडलोट आणि कुंड्यांना पाणी घालायला जिजाबाई रोज सकाळी यायची होती. ती या घरात सहा वर्षं काम करत होती.

हा पंप म्हणजे मुठीएवढी वस्तू, मागच्या काचेला चुंबकाने चिकटलेली. लीनाने त्याचं तोंड समोरच्या काचेकडे फिरवून ठेवलं होतं. पाणी काचेवर आपटायचं, तिथे त्याचा जोर मोडायचा आणि मग ते हळूच सगळीकडे पसरायचं. त्या हलत्या पाण्यात झेनिया नावाच्या प्रवाळाचे झुबके आपले इवले इवले पंजे उघडत-मिटत बसायचे. मधोमध फुलक्याएवढं एक जाड चामड्यासारखं प्रवाळ होतं, वर बोटंच बोटं असलेलं.

तिसऱ्या दिवशी त्या चामड्या प्रवाळाने सगळी बोटं आत ओढून घेतली. अंगावर मेणासारखी चकाकी आली. सर टाकीला नाक लावून उभे राहिले.

"याला प्राणवायू कमी पडतोय," त्यांनी निदान केलं.

जिजाबाई फरशी पुसत होती. "नाई जी सर, थो कात टाकून राह्यला. साप टाकते ना, तसी. दोन-तीन महिन्यानं टाकतेच थो. ताई म्हनते, पाच-सा दिवस त्याच्याकडे पाहाचंच नाई."

"प्राणीशास्त्र तू शिकवलंस की मी?"

"तुमीच सर," जिजाबाई म्हणाली आणि हसली.

ते हसणं सरांना झोंबलं. प्रवाळ कात टाकतं हे त्यांच्या कोणत्याही वहीत नव्हतं. असणार कुठून? बाटलीतल्या प्रवाळाने चौतीस वर्षांत कात टाकली नव्हती.

दुपारी चारला, जिजाबाई नसताना, सर किल्ली घेऊन परत गेले. समुद्र म्हणजे लाटा, हे वाक्य त्यांनी प्रत्येक वर्गाला लिहून दिलं होतं. आणि इथे ही पोरगी काचेला वारा घालत बसली होती! त्यांनी पंपाचं तोंड फिरवून थेट प्रवाळांवर धरलं आणि बाहेरचं बटण शेवटापर्यंत पिळलं. झुबके सगळे एका बाजूला आडवे झाले. सरांना वाटलं, खूश झाले. घरी जाऊन त्यांनी समाधानाने चहा घेतला.

सकाळी कुंपणावरून जिजाबाईची हाक आली. "सर, लवकर या! पाणी त्याच्या थोबाडात मारून राह्यलं!"

झेनियाचे निम्मे झुबके दगडावरून उखडून गाळणीच्या जाळीला चिकटले होते. चामड्या प्रवाळाची कड फाटून चिंध्या लोंबत होत्या. खालची वाळू उडून एका कोपऱ्यात ढीग झाला होता. सरांनी पंप होता तसा फिरवला, बटण मागे आणलं. जिजाबाई उभी राहून बघत होती. फडकं आणून तिने सरांच्या कोपरावरून गळलेलं पाणी पुसलं.

लीना परत आली. टाकीसमोर बराच वेळ बसली. मग तिने विचारलं, "सर, पंपाला कोणी हात लावला होता का?"

"जिजाबाई काच पुसत होती," सर म्हणाले. "धक्का लागला असेल."

हे वाक्य त्यांनी आधी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून इतकं सहज घरंगळलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. लीनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हटलं.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. संध्याकाळी मैदानातल्या सिमेंटच्या बाकावर गल्लीतलेच मोतीलाल, एस.टी.तून निवृत्त झालेले रूपराव आणि आणखी दोघं बसत. सरांनी तिथे सगळी हकिगत रंगवून सांगितली. वर एक तात्पर्यही दिलं : "या बायकांना किमती वस्तूंच्या जवळ फिरकूच देऊ नये." सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांचा तास चांगला झाला होता.

लाज त्याच रात्री जेवताना आली आणि मग गेलीच नाही. शेजारी झाडूचा आवाज सुरू झाला की सर रेडिओ मोठा करत. जिजाबाई समोरून आली की चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकत. ती मात्र पूर्वीसारखंच "सर, बरं आहे ना?" विचारायची. चोराच्या मनात चांदणं, सरांना त्या साध्या प्रश्नातही टोमणा ऐकू यायचा.

लीना अधूनमधून चहाला बोलवायची. न जावं तर संशय, म्हणून सर जात आणि टाकीकडे पाठ करून बसत. लीनाने पंप अगदी मंद केला होता. ती बटण एक खूण पुढे सरकवायची, दोन दिवस थांबायची, मग आणखी एक खूण. आणि विचारायची जिजाबाईला, कारण सकाळी टाकीपाशी तीच असे.

"काल पंजे उघडले होते का गं?"

"उजव्या अंगाचे उघडले होते, ताई. डाव्याकडचे अजून वाकून राह्यले. पाणी जराक आडून येऊ द्या."

लीना पंपाचं तोंड बोटभर वळवायची. सोफ्यावर प्राणीशास्त्राचे सर बिस्कीट बुडवत बसलेले असत. त्यांना कोणी विचारत नसे, आणि विचारू नये म्हणून ते मनातल्या मनात हात जोडत.

तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी बाकावर मोतीलाल सहज म्हणाले, "सर, तुमच्या त्या गोष्टीनंतर आमच्या घरी जिजाबाईला बंद केलं. घरात नवा टीव्ही, नातीचा लॅपटॉप. कौन भरोसा करे?"

सरांच्या हातातले फुटाणे हातातच राहिले. जिजाबाईकडे कामाची दोनच घरं होती, एक लीनाचं आणि एक मोतीलालांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशीचा दोर त्यांनी स्वतः वळून दिला होता.

सकाळी ते लीनाकडे गेले. जिजाबाई केर काढत होती. सर बसले नाहीत.

"लीना, तो पंप मी फिरवला होता."

"माहीत आहे, सर."

लीनाने आपला मोबाइल दाखवला. पंपाचा वेग बदलला की तिच्या मोबाइलवर नोंद पडायची, ती कुठेही असो. "चार वाजून बारा मिनिटं. मी पुण्यात चहाची भांडी आवरत होते. तिथून कमी करता येत होता, पण मला वाटलं, सरांनी काही बघून केलं असेल. माझीही चूकच. आणि चारला जिजाबाई इथे नसते."

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

सरांचे कान तापले. तीन आठवडे ते या सोफ्यावर बसून चहा पीत होते, आणि चहा देणारीला माहीत होतं, केर काढणारीला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं फक्त तेच वागत होते. एवढी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"चुकलं माझं, जिजाबाई," ते म्हणाले.

जिजाबाईने झाडू खाली ठेवला. हसणं नव्हतं तिच्या तोंडावर. "इथं कायले सांगता, सर? इथं तं समद्यायले मालूमच आहे. तिकडं बाकावर सांगतलं होतं ना तुमी? तिथं जाऊन सांगा. मायं घर तिथं गेलं."

संध्याकाळी सर बाकापाशी उभे राहिले. पहिल्यांदा आवाज इतका बारीक निघाला की रूपरावांनी "काय म्हनता?" विचारलं. मग सरांनी स्पष्ट सांगितलं. पंप मी फिरवला, प्रवाळं माझ्यामुळे फाटली, जिजाबाईने हातही लावला नव्हता, उलट तिने मला आधीच सांगितलं होतं, आणि मी खोटं बोललो.

मग रूपराव हसले. "काय सर तुमी बी! एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसले? कामवाली बाईच तं आहे. तिले दुसरं घर भेटन."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. लीनाने विचारलं त्या दिवशी, खोटं बोलण्याआधी अर्धा क्षण, 'कामवाली बाईच तर आहे' हेच वाक्य त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. अगदी हेच. रूपराव मोठ्याने बोलले, एवढाच फरक.

"तिला परत बोलवा, मोतीलालजी," ते म्हणाले. "हवं तर मी घरी येऊन वहिनींना सांगतो."

मोतीलाल आपल्या बुटांकडे बघू लागले. "अब क्या बोलू, सर. दुसरी ठेवली ना आमच्या हिनं. तिला काय म्हणून काढायचं?"

दुसऱ्या दिवशी सर लीनाकडे जाऊन सोफ्यावर बसले. लीना कामावर निघून गेली होती. जिजाबाई बादली घेऊन आली.

"सांगितलं," सर म्हणाले.

"समद्यायसमोर?"

"समद्यांसमोर."

"मोतीलालजी काय म्हने?"

"दुसरी बाई ठेवली म्हणाले."

जिजाबाईने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. ती काही बोलेल म्हणून सर वाट बघत होते. ती रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्यांना हलकं वाटलं असतं. ते तिला कळलं असावं किंवा नसावंही.

"पाय वर घ्या, सर," ती म्हणाली. "पुसाचं आहे."

सरांनी पाय वर घेतले आणि फरशी वाळेपर्यंत ते तसेच बसून राहिले.