साखळी आखूड होती

मी एक जुनी चकती आहे. सायकलच्या मागच्या चाकावरच्या अकरा दातेरी चकत्यांतली सर्वांत मोठी, चौतीस दात्यांची. मित्रांनो, पोलादाची असूनही मी भित्री आहे. का, ते सांगते.

माझा जन्म तैचुंगच्या कारखान्यात झाला. समुद्रकाठच्या ह्वालिएन शहरात कू मास्तरांच्या सायकलच्या दुकानात श्यू-लानताईंनी मला निवडले. त्या एका शाळेत स्वयंपाक करत. पन्नाशी उलटल्यावर त्यांना समुद्रापासून वूलिंगच्या खिंडीपर्यंत, सव्वातीन हजार मीटर चढून जायचे होते.

ताईंचा धाकटा भाऊ छी-वेन मला पाहून हसला. “एवढी मोठी? ताई, हिच्यावर अंडी तळणार आहेस का?”

“हसू दे त्याला,” मास्तर म्हणाले. “मागची मोठी चकती चढावर पायांना हलकी. गुडघे काही दुकानात मिळत नाहीत. फक्त साखळी लांब घ्या.”

“ते मी घरी बघतो,” छी-वेन म्हणाला. त्याने मला बसवले. साखळी मात्र जुनीच ठेवली.

मी हादरले. पायडलपाशी एक मोठी आणि एक लहान चकती असते. त्या मोठीवर आणि माझ्यावर साखळी एकाच वेळी चढली असती, तर ती पुरली नसती. गिअर मोडून चाक जागीच अडकले असते. हे सांगायला मला तोंड कुठे होते?

निघालो त्या दिवशी छी-वेनही आपल्या सायकलवर ताईंच्या मागे होता. तारोकोच्या घळीत चढ लागला. उजवीकडे खोल दरी, छी-वेनच्या मागे बस. ताई दमू लागल्या, तशी साखळी एकेक चकती ओलांडत माझ्याकडे सरकू लागली. पायडलपाशी ती अजून मोठ्या चकतीवरच होती. आता माझ्याआधी एकच चकती उरली. माझे दाते शहारले. ताईंचे बोट गिअरच्या खटक्यावर गेले.

“ताई, थांब! गिअर बदलू नकोस!” मागून छी-वेन ओरडला. ताणून सरळ झालेली साखळी त्याला दिसली होती.

ताई कडेला थांबल्या. “ओरडून जीव घेतोस का रे?”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “साखळी आखूड आहे. मास्तरांनी सांगितलं होतं. मला वाटलं, चालून जाईल.”

ताईंनी सायकल कठड्याला टेकवली. मग म्हणाल्या, “आता काय करायचं, ते बोल.”

त्याने साखळी पुढच्या लहान चकतीवर घेतली आणि मोठीवर नेणारी तार सोडून टाकली; आता ती मोठीवर जाणारच नव्हती. मग पुढचा सगळा चढ मी ताईंना साथ दिली; पण प्रत्येक वळणावर भीत होते. खिंडीत धुके होते. तिथे छी-वेन हमसून रडला, आणि ताईंनी आपले जाकीट त्याच्या खांद्यांवर टाकले.

मित्रांनो, नवा भाग बसवलात की निघण्याआधी पायडल हाताने हळू फिरवत सगळे गिअर बदलून पाहा. आणि हातून चूक झाली असेल, तर चढ लागण्यापूर्वी सांगून टाका. लाज वाटली तरी सांगा.