थेंबभर पिवळं

"काका, या आठवड्यातलं हे चौथं मूल," पोहायला शिकवणाऱ्या बाई दारातूनच म्हणाल्या. थेंबकाका तेव्हा काचेची छोटी नळी खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. नळीत तलावाचं पाणी, त्यात तपासणीचे पाच थेंब. त्यांनी एक डोळा मिटला, नळी हलवली आणि वहीत आकडा लिहिला. दोन. म्हणजे पाण्यात क्लोरीनचं औषध अगदी हवं तेवढं.

"काय होतंय?"

"दोघांचे कान दुखतात, दोघांना जुलाब. आणि पाचवी तुमची नात, तीही तीन दिवस झोपूनच आहे."

नातीचं निदान थेंबकाकांनी आधीच करून टाकलं होतं. पोरीला बाहेरचं चटरमटर खाऊ घालता, मग पोट बिघडणारच, असं ते काल लेकीला सुनावून आले होते. लेक साखर-मिठाचं पाणी कालवत राहिली होती.

बत्तीस वर्षं ते या तलावाचं पाणी राखत होते. मूळ नाव पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं. दिवसातून तीनदा नळी घेऊन बसणारा हा माणूस पोरांनी थेंबकाका करून टाकला, तो कायमचा. क्लोरीन जितकं जास्त, तितकं नळीतलं पाणी पिवळं, एवढं साधं ते शास्त्र. थेंबांच्या डबीबरोबर रंगांची एक पट्टी मिळते, तिच्याशी नळी ताडून बघायची असते. पण पट्टी नवख्यांसाठी. मुरलेली बाई कधी चमच्यानं मीठ मोजते का, असं ते विचारत. त्यांची पट्टी टेबलाच्या खणात, गंजक्या किल्ल्यांखाली कितीतरी वर्षं पडून होती.

लोकांचा मात्र त्यांना वीट आला होता. अंग न धुता उड्या मारू नका, जुलाब होत असतील तर पाण्यात उतरू नका, हे सांगून घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी. नाकाला झोंबणारा वास आला की लोक म्हणत, काकांनी औषध जास्त टाकलं. तो वास औषध घामाशी आणि नको त्या गोष्टीशी मिसळल्याचा असतो, हे त्यांनी हजारदा समजावलं असेल. कामाला नवा माणूस आला की पहिल्या दिवशी ते एकच वाक्य ऐकवत. पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं. आता गुडघे बोलत होते, निवृत्तीला सहा महिने होते, आणि हे सहा महिने कुणी डोकं न खाता जावेत एवढीच त्यांची इच्छा होती. पाणी तपासणारं यंत्र घ्यायचं साहेबांच्या मनात होतं. यंत्राला माझे डोळे आहेत का, असं विचारून काकांनी त्यांना गप्प केलं होतं.

उद्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या. दोनशे मुलं येणार होती. म्हणूनच बाई हटेनात. जरा मला बघू द्या, म्हणाल्या. काकांनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा पाणी भरलं, थेंब टाकले आणि नळी त्यांच्या हातात दिली.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. "काका, यात थेंब टाकलेत ना?"

"तुमच्या देखतच टाकले की. चांगलं पिवळं दिसतंय."

"थांबा, तुमच्या शर्टासमोर धरते. पांढऱ्यावर नीट कळेल."

काकांनी मान खाली घालून शर्टाकडे पाहिलं. याच शर्टावरून सकाळी घरात वाजलं होतं. हल्ली सगळे शर्ट पिवळट निघतात, साबण बदललास का, असं ते बायकोला म्हणाले होते. "अहो, दुधासारखा पांढरा आहे. तुमचे डोळे दाखवा आधी कुणाला तरी," असं ती फणकारली होती. हा टोमणा समजून ते चपला घालून निघाले होते.

त्यांनी खण उघडला. किल्ल्या बाजूला सारून पट्टी काढली आणि खिडकीशी नेली. एक, दोन, तीन, पाच. सगळी घरं त्यांना सारखीच पिवळी दिसली. पट्टी पुसून पाहिली, मग चष्मा पुसून पाहिला. शेवटी पट्टी बाईंपुढे केली.

बाईंनी नळी ताडून पाहिली. "सगळ्यात खालच्या घराइतकंही नाही. जवळजवळ काहीच नाही, काका."

थेंबकाका खुर्चीत बसले. वहीची पानं मागे मागे उलटत गेले. दोन, दोन, दोन. सुबक अक्षरात, रोज तीनदा, किती महिने कुणास ठाऊक. डोळेच सगळं पिवळं दाखवत होते आणि औषध भरपूर आहे असं समजून आपण ते कमी कमी करत गेलो, हे आता त्यांना कळलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बाईंकडे बघवेना.

बाईंना दया आली असावी. आता भरपूर औषध टाका, पंप चालू ठेवा, उद्या सकाळपर्यंत पाणी ठीक होईल, मी कुठे बोलणार नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. ते खरंही होतं. सहा महिने सुखानं गेले असते, निरोपाला हार मिळाला असता. पण ज्यांची पोरं आजारी होती, त्यांच्या डॉक्टरांना खरं कोण सांगणार? काका उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले.

तलाव आजपासून बंद ठेवा, स्पर्धा पुढे ढकला, आजारी मुलांच्या घरी कळवा, एवढं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. साहेब आधी भडकले, मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद ओढला.

"कारण काय लिहू? डोळे अधू झाले म्हणून?"

"डोळ्यांवर नका ढकलू, साहेब. पट्टी खणात होती. चूक माझी लिहा."

साहेबांनी तसंच लिहिलं. मग, आवाज शक्य तितका मऊ करून, सोमवारपासून तुम्ही रजा घ्या, असं सांगितलं. काका हो म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "बाहेरचं खाणं नव्हतं गं. पाणी होतं, माझं. डॉक्टरांना सांग तसं."



"सांगते, बाबा," लेक म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

"जेवतो," म्हणून ते औषधाची बादली आणायला गेले.

दुपारभर ते बादलीत औषध कालवून तलावाच्या कडेकडेनं ओतत फिरले. दर तासानं बाई पट्टीशी नळी ताडून आकडा सांगत आणि काका तो लिहून घेत. वहीत प्रत्येक आकड्यापुढे त्यांनी बाईंची सही घेतली. संध्याकाळी वही, थेंबांची डबी आणि पट्टी बाईंच्या हवाली करून ते घरी गेले.

सोमवारी सकाळी बायको त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार होती. तिनं इस्त्रीचा शर्ट पलंगावर काढून ठेवला होता. काकांनी तो उचलला, सवयीनं खिडकीशी नेला आणि उजेडात धरला.

"पांढरा आहे ना गं?"

बायको केस विंचरत होती. तिनं फणी खाली ठेवली, उठून आली आणि शर्ट नीट बघितला.

"पांढरा आहे," ती म्हणाली.

बरं, म्हणून त्यांनी तो अंगात घातला.