जिवंत बाईचा फ्लेक्स

मुरबाडच्या कॉलेजात मी 'स्त्री अभ्यास' हा विषय घेतला, तेव्हा बाबा म्हणाले, "बाईचा कसला अभ्यास? ती तर घरात रोज दिसते." उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, पण फी तेच भरतात, म्हणून गिळलं. वर त्यांनी बजावलं, "या विषयाचा घराला काय ताप झाला, तर कॉलेज बंद."

ताप झालाच, पण त्याआधी गृहपाठाचं सांगते.

मॅडमनी सांगितलं होतं, आपापल्या गावात बायका कुठे कुठे दिसतात ते बघून या. मी धसईच्या स्टँडवर जाऊन फ्लेक्स बघत उभी राहिले. आमच्याकडे पोराला मिसरूड फुटलं तरी फ्लेक्स लागतो. गॉगलवाले भाऊ, कानाला मोबाइल लावलेले दादा आणि खाली शुभेच्छुकांची रांग. एका फ्लेक्सवर तर शर्यतीचा बैल होता, गळ्यात माळा, वर वाढदिवसाच्या शुभेच्छा. अख्ख्या स्टँडवर बाई एकच सापडली आणि तीही वारलेली. माझं डोकंच फिरलं. बैलाला वाढदिवस आणि बाईला नुसती श्रद्धांजली!

तेव्हाच ठरवलं, आईचा फ्लेक्स लावायचा. आधार कार्डावर तिचा जन्म एक जानेवारीचा आहे, आमच्या अर्ध्या गावाचा आहे तसा. तिचा धड फोटोही तोच एक, आधारवरचा, पोलिसांनी धरून आणल्यासारखा. तो मी फ्लेक्सवाल्या सुनिलला दिला आणि म्हटलं, "लेडीज आहे, जरा चांगला कर."

सुनिलकडे लेडीजसाठी डिझाइन एकच होतं.

एक तारखेला सकाळी आई वालाच्या शेंगा खुडायला शेतावर गेली होती. मी गुपचूप शिरा ढवळत होते. तेवढ्यात शेजारची वत्सलाकाकी पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आत आली. एका तलंगीवरून, म्हणजे कोवळ्या कोंबडीवरून, ती आईशी कित्येक वर्षं बोलत नव्हती.

"अगो रंजिते, आज चूल पेटवलीस? सुतकात?"

"कुणाचं सुतक?"

काकीने पदर तोंडात कोंबला. बघता बघता अंगण भरलं. शहापूरचा शेखरमामा मोटरसायकलवरून उतरला आणि हेल्मेट न काढताच रडायला लागला. त्याने मला मोबाइलवर फोटो दाखवला. धसईचा स्टँड, वर माझी आई. गळ्यात झेंडूचा हार, पुढे तेवता दिवा, खाली कमळ. 'आमची लाडकी आई जनी हिला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हेही होतं, पण एसटीच्या खिडकीतून ते वाचतो कोण? करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"अरे मामा, आई जिवंत आहे!" मी ओरडले.

"पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय," कुणीतरी म्हणालं आणि माझ्या नाकाला कांदा लावला.

मग बाबा आले. मुरबाडच्या कंपनीतून तसेच निघाले होते, अंगात कंपनीचाच शर्ट. ओट्यावर बसले आणि हुंदका देऊन म्हणाले, "माजी जनी गेली रे!" मी कांदा हुंगत थिजले. बाबांच्या तोंडून आईचं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. एरवी ते नुसतं "ए, कुठं हाय गो" म्हणतात.

त्यांचं बघून वत्सलाकाकीने मोठा गळा काढला. "जने! तुजी ती तलंगी कोल्ह्यानं नाय नेली गो! मीच कापली! रस्सा करून खाल्ली!"

"मला ठाऊकच व्हता!"

आई दारात उभी होती, डोक्यावर शेंगांची टोपली घेऊन. अंगणात असं चिडीचूप झालं की मामाने हेल्मेट काढलं.

सगळं समजल्यावर बाबांनी डोळे पुसले. चारचौघांत रडले होते, त्यामुळे जास्तच भडकले. "उद्यापासून कॉलेज बंद! जित्या बाईला मारून ठेवली!"

शेवटचं वर्ष होतं. मी आईकडे बघितलं. तिने टोपली उतरवली, हात धुतले, काकीचं पातेलं पुढे ओढलं आणि पिठलं-भात वाढून घेतला. सगळे उभे आणि आई एकटी जेवत बसलेली, तेही सगळ्यांच्या आधी. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

"पिठल्यात मीठ कमी हाय, वत्सले," ती म्हणाली. मग बाबांकडे वळली. "लग्नाला इतकी वर्सं झाली. आज माजा नाव घेतलात, ता मेली म्हणून. कॉलेज बंद केलात, तर मी खरीच मरेन, बघा. मंग घ्या रोज नाव."

बाबांनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "जने, तुला पाणी दिव काय गो?"

मला एकदम रडायला आलं, आणि कांदा तर केव्हाच टाकला होता.

कॉलेज बंद झालं नाही. गृहपाठात हे सगळं लिहून दिलं, मॅडम वर्गात हसून हसून खाली बसल्या. आईने तो फ्लेक्स आणून गोठ्यावर ताडपत्रीसारखा ताणला, तोंड वर करून.

दुसऱ्या दिवशी वत्सलाकाकी एक तलंगी बगलेत धरून आली. ती आईच्या हातात देऊन मला बाजूला घेतलं.

"रंजिते, माजा पण लाव गो फ्लेक्स. त्यो दिवा, हार, सगला ऱ्हाऊ दे. मेल्यावर लोक काय बोलतात, ता मला कसा ऐकाला येल?"